तीळ लावलेली भाकरी आणि उंदराचं केंद्रक

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एकाच विषयाभोवतीची, प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या आणि उंदराच्या पेशींभोवतीची आहेत, म्हणून यावेळचं सदर त्या तिघांनाच दिलं आहे. पहिल्या पत्राला सर्वांत जास्त जागा दिली, कारण ते लिहिणारी मुलगी अडचणीत आहे. एकतीस वर्षं टिश्यू कल्चरच्या, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याच्या खोलीत काढल्यावर एवढं नक्की माहीत झालंय की या अडचणीत ती एकटी नाही.

प्रश्न : मॅडम, मी पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे माणसाच्या स्तनाच्या कर्करोगाची गाठ उंदरात लावून वाढवतात. तीन महिन्यांपूर्वी मी तशी एक गाठ घेतली, बारीक तुकडे केले आणि पेशी फ्लास्कमध्ये लावल्या. पहिले पंधरा दिवस काहीच हालचाल नव्हती. मग पेशी इतक्या जोरात वाढायला लागल्या की आता दर तिसऱ्या दिवशी पॅसेज करावा, म्हणजे पेशी वाटून नव्या फ्लास्कमध्ये लावाव्या लागतात. मी खूश होते. परवा सरांनी मायक्रोस्कोपमधून बघितलं आणि विचारलं, "या माणसाच्याच आहेत याची खात्री आहे का?" नुसतं बघून हे कळतं का? नसेल तर कसं ओळखायचं? आणि उंदराच्या निघाल्या तर तीन महिने वाया गेले असं समजायचं का?
एक संशोधक विद्यार्थिनी, औंध

उत्तर : नुसतं बघून कळत नाही. लांबट, टोकांना निमुळत्या, एकाच दिशेला अंग टाकून पडलेल्या पेशी दिसल्या की फायब्रोब्लास्ट, म्हणजे आधाराच्या ऊतीतल्या पेशी, असाव्यात एवढं म्हणता येतं. त्या माणसाच्या की उंदराच्या, हे साध्या मायक्रोस्कोपखाली मलाही कधी छातीठोकपणे सांगता आलेलं नाही. पण तुझ्या सरांची शंका अगदी रास्त आहे, आणि ती त्यांनी बोलून दाखवली हे तुझं भाग्य समज.

शंका का रास्त, ते सांगते. माणसाची गाठ उंदराच्या अंगात वाढते तेव्हा कर्करोगाच्या पेशी माणसाच्या राहतात, पण त्यांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आणि त्यांना धरून ठेवणारी आधाराची ऊती हळूहळू उंदराची होते. तू गाठ कापलीस तेव्हा दोन्ही एकत्रच फ्लास्कमध्ये गेले. आता त्यांच्यात शर्यत लागते. गाठीतून नुकत्याच आलेल्या कर्करोगाच्या पेशी बाटलीत रुळायला फार नखरे करतात, कित्येकदा रुळतच नाहीत. फायब्रोब्लास्ट मात्र प्लॅस्टिक दिसलं की पाय पसरतात. त्यातही उंदराच्या फायब्रोब्लास्टना एक वेगळी खोड आहे. माणसाच्या साध्या पेशी साधारण पन्नास विभाजनांनंतर थांबतात, हे लेनर्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवलं. उंदराच्या पेशीही काही काळ मंदावतात, पण मग त्यातल्या काही आपोआप बदलतात आणि न थांबता वाढत राहतात. आधी शांतता आणि मग एकदम जोर, हे तुझ्या पत्रातलं वर्णन वाचताना मला हेच आठवलं. हा पुरावा नव्हे. पुरावा स्लाइडवर मिळेल.

तुमच्या विभागात फ्लुओरोसन्स मायक्रोस्कोप असेलच. हेक्स्ट ३३२५८ नावाचा रंग माग. तो नसला तर डॅपीही चालेल. एका छोट्या डिशमध्ये कव्हरस्लिप (पातळ काच) टाकून तिच्यावर तुझ्या पेशी वाढू दे. फार दाटी होण्याआधी, निम्मी-पाऊण जागा भरली की काढ. मिथेनॉल तीन भाग आणि ॲसेटिक ॲसिड एक भाग, हे मिश्रण त्याच दिवशी ताजं करायचं. आधी मीडियममध्येच (पेशी ज्यात वाढतात त्या द्रवात) थोडं घाल, मग पूर्ण बदल, म्हणजे पेशी आक्रसत नाहीत. दहा मिनिटांनी कव्हरस्लिप हवेत वाळव. रंग अगदी पातळ लागतो, मिलीलीटरला एक मायक्रोग्रॅमसुद्धा पुष्कळ. हा रंग डीएनएला चिकटतो, तेव्हा हातमोजे घालायला विसरू नकोस. दहा-पंधरा मिनिटं अंधारात ठेव, पाण्याने दोनदा धू, ग्लिसरॉलमध्ये उलटी ठेवून बघ.

आता दिसतं काय? अतिनील प्रकाशात सगळी केंद्रकं निळी चमकतात. माणसाचं केंद्रक साध्या ज्वारीच्या भाकरीसारखं दिसतं: सगळीकडे जवळपास सारखा निळा रंग, मध्ये केंद्रिकांच्या जागी थोडे काळपट खड्डे. उंदराचं केंद्रक म्हणजे भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी. निळ्या पार्श्वभूमीवर दहा-वीस ठसठशीत, झगझगीत ठिपके. एकदा पाहिले की आयुष्यात विसरत नाहीस.

हे ठिपके म्हणजे घाण नव्हे किंवा रंगाचे कणही नव्हेत. उंदराच्या जवळपास प्रत्येक गुणसूत्राच्या टोकाजवळ, जिथे विभाजनाच्या वेळी ओढणारे धागे जोडले जातात त्या भागाला लागून, २३४ अक्षरांचा एक मजकूर हजारो वेळा एकामागे एक लिहिलेला असतो. त्यात ए आणि टी ही अक्षरं फार. हेक्स्टला नेमकी हीच अक्षरं आवडतात, डीएनएच्या अरुंद खाचेत तो तिथेच जाऊन बसतो. शिवाय पेशी विभागत नसते तेव्हा अनेक गुणसूत्रांचे हे भाग एकत्र येऊन गठ्ठे करतात. म्हणून गुणसूत्रं चाळीस असली तरी ठिपके त्याहून कमी. हा मजकूर उंदराच्या गुणसूत्रांवर नेमका कुठे असतो, ते मेरी लू पारड्यू आणि जोसेफ गॉल यांनी १९७० साली दाखवलं. माणसाच्या गुणसूत्रांतही त्या जागी पुनरावृत्ती आहेच, पण तिचे असे मोठे, चमकणारे गठ्ठे होत नाहीत. क्वचित एखादा फिकट ठिपका दिसतो, त्याने गडबडून जाऊ नकोस.

तीन ठिकाणी माणसं फसतात. मरणाऱ्या पेशीचं केंद्रक आक्रसून फुटतं आणि तेही झगझगीत गोळ्यांसारखं दिसतं. पण त्या गोळ्यांभोवती केंद्रकाची निळी चकती उरलेली नसते. अशा पेशी मोजायच्या नाहीत. दुसरं, ठिपके दिसले तर उंदीर म्हणता येतं, पण ठिपके नाहीत म्हणून माणूस म्हणता येत नाही. उंदीर म्हणजे इथे छोटा पांढरा माउस. मोठ्या उंदराची, म्हणजे रॅटची केंद्रकंसुद्धा अशीच सपाट दिसतात. चिनी हॅमस्टरची सीएचओ आणि माकडाची व्हेरो या दोन्ही पेशी अर्ध्या प्रयोगशाळांच्या इन्क्युबेटरमध्ये असतात, त्यांच्यातही असे ठिपके नाहीत. तिसरं, ओळखीच्या पेशी शेजारी नसतील तर डोळा भरकटतो. म्हणून त्याच दिवशी, त्याच रंगात, एक स्लाइड हीला या माणसाच्या कर्करोगाच्या पेशींची आणि एक थ्री-टी-थ्री या उंदराच्या फायब्रोब्लास्टची करच. आधी त्या दोन बघ, मग आपली.

मोजताना मैत्रिणीची मदत घे. दोघींनी वेगवेगळं मोजा, एकमेकींना आकडा सांगू नका, किमान तीनशे केंद्रकं मोजा. कव्हरस्लिपच्या कडेला आणि मधे प्रमाण वेगळं असू शकतं, तेव्हा एका कोपऱ्यावर निकाल लावू नका.

यानंतर पीसीआर, म्हणजे डीएनएचा हवा तेवढा तुकडा निवडून त्याच्या भरपूर प्रती काढणं. मायटोकॉन्ड्रियातल्या सीओएक्स-वन या जनुकावर प्रत्येक प्राण्यासाठी वेगळे प्रायमर (तो तुकडा शोधणारे डीएनएचे छोटे धागे) मिळतात. माणसाची पट्टी एका उंचीवर येते, उंदराची दुसऱ्या. डोळ्याला सापडणार नाही अशी थोडी भेसळही त्यात पकडली जाते. आणि एक गोष्ट ठळक अक्षरात लिहून ठेव. कुणी म्हणेल, "एसटीआर करून घे, प्रमाणपत्र मिळतं." एसटीआर, म्हणजे माणसामाणसात वेगळ्या असणाऱ्या डीएनएच्या छोट्या पुनरावृत्ती मोजणं, ही फार चांगली तपासणी आहे. माणसाच्या या पेशी कोणत्या माणसाच्या, हे तीच सांगते. पण तिचे प्रायमर माणसाचा डीएनए शोधतात. उंदरासाठी वेगळा मार्कर (ओळखखूण) त्यात घातलेला नसेल, तर फ्लास्कमध्ये निम्म्या पेशी उंदराच्या असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो. पाठवण्याआधी विचार, उंदराचा मार्कर आहे का.

आता माझी वही. साल १९९३, पावसाळा. मी तेव्हा पुण्यातल्याच एका प्रयोगशाळेत होते, नाव सांगत नाही. माणसाच्या कातडीच्या पेशी उंदराच्या थ्री-टी-थ्रीच्या थरावर वाढवत होते. या थराला आम्ही फीडर म्हणतो. फीडरच्या पेशी जिवंत राहाव्यात पण वाढू नयेत म्हणून त्यांना मायटोमायसिन द्यावं लागतं. आमची बाटली विरघळवून बरेच दिवस झाले होते. ते औषध उजेडात टिकत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी तेच वापरलं, कारण नवीन यायला तीन आठवडे लागणार होते. मग पेशी छान वाढायला लागल्या. वहीत माझ्याच अक्षरात "वाढ उत्तम" असं सलग सहा पॅसेज लिहिलेलं आहे.

सातव्या पॅसेजला मायकोप्लाझ्मा, म्हणजे कल्चरमध्ये लपून वाढणारा अतिसूक्ष्म जिवाणू, तपासायचा म्हणून मी हेक्स्ट केला. त्यासाठीही हाच रंग लागतो, पण तिथे केंद्रकाच्या बाहेर विखुरलेले बारीक कण शोधायचे असतात. गुरुवार होता. गुरुवारी वीज जाणार हे पुण्यात त्या काळी कॅलेंडरवर लिहून ठेवायची गरज नव्हती. मर्क्युरीचा दिवा नुकता तापला होता तेवढ्यात वीज गेली, आणि तो दिवा पूर्ण गार झाल्याशिवाय पुन्हा लावता येत नाही. अर्धा तास मी अंधाऱ्या खोलीत स्लाइड झाकून बसले. वीज आल्यावर बघितलं तर बाहेर एकही कण नव्हता. कल्चर स्वच्छ होतं. पण आत, प्रत्येक केंद्रकात, तीळ. मी दुसऱ्या जागी सरकवलं, तिसऱ्या. सगळीकडे तीळ. सहा पॅसेज मी उंदराचा फीडर प्रेमाने वाढवत होते, आणि माणसाच्या पेशी केव्हाच संपून गेल्या होत्या.

त्या संध्याकाळी मी कुणालाही काही सांगितलं नाही. सोमवारपर्यंत नाही सांगितलं. मधल्या शनिवारी आमच्या एका सहकाऱ्याने त्याच फ्लास्कमधल्या पेशी स्वतःच्या प्रयोगासाठी नेल्या. त्याचे दोन आठवडे माझ्या गप्प राहण्यात गेले, हे मला आजही टोचतं. पेशी चुकल्या त्याचं दुःख केव्हाच गेलं.

म्हणून तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. ज्या दिवशी स्लाइड बघशील त्याच दिवशी सरांना दाखव. फ्लास्कवरचं लेबल लगेच बदल, आणि तुझ्याकडून कुणी पेशी नेल्या असतील तर त्यांना त्याच दिवशी फोन कर. तीन महिने पूर्ण वाया गेलेले नाहीत. पहिल्या-दुसऱ्या पॅसेजच्या व्हायल नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवल्या असशील तर एक काढून तीच तपासणी कर. तिथे माणसाच्या पेशी अजून असण्याची शक्यता चांगली आहे. असल्या तर उंदराच्या पेशी चुंबकी मण्यांनी वेगळ्या काढता येतात. ते महाग वाटलं तर पेशी डिशपासून सोडवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराचा जुना उपाय आहे: फायब्रोब्लास्ट आधी सुटतात, त्या पहिल्या दोन मिनिटांत ओतून द्यायच्या आणि चिकटून राहिलेल्या ठेवायच्या. एका वेळेत होत नाही, चार-पाचदा करावं लागतं. पुढची गाठ लावताना मात्र पहिल्या पॅसेजलाच एक कव्हरस्लिप बाजूला ठेव. आणि शेजारी ठेवायला खात्रीच्या पेशी हव्या असतील तर तुला लांब जायला नको. गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस ही पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, देशभरातल्या प्रयोगशाळा तिथल्या साठ्यातून सेल लाइन (सतत वाढवत ठेवलेल्या ओळखीच्या पेशी) मागवतात.

प्रश्न : माझं वय ७२. वाचनालयात एका लेखात वाचलं की भाजलेल्या रुग्णासाठी कातडी वाढवताना ती उंदराच्या पेशींवर वाढवतात. माणसाच्या अंगाला लावायची वस्तू उंदरावर कशाला? उंदराच्या पेशी तिच्यात राहून जात नाहीत का?
एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : तुम्हाला वाचून कसंसं झालं असेल ते मी समजू शकते. पण या उंदराच्या पेशींनी किती जीव वाचवलेत तेही सांगू द्या.

कातडीच्या वरच्या थरातली पेशी एकटी ठेवली की नीट वाढत नाही. तिला शेजार लागतो. १९७५ मध्ये जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी तिला उंदराच्या थ्री-टी-थ्री पेशींचा शेजार दिला आणि ती भराभर वाढायला लागली. या पेशी ग्रीन आणि जॉर्ज टोडारो यांनीच साठच्या दशकाच्या सुरुवातीला तयार केलेल्या. दर तीन दिवसांनी, दर डिशमध्ये तीन लाख पेशी, या हिशेबाने वाढवल्या म्हणून नाव थ्री-टी-थ्री. किरणांनी किंवा औषधाने त्यांचं विभाजन आधीच थांबवलेलं असतं. त्या काही दिवस लागणारी द्रव्यं पुरवतात, आणि माणसाच्या पेशींची वसाहत पसरत गेली की तिच्या कडेने रेटल्या जाऊन सुटतात. मीडियम बदलताना निघून जातात. रुग्णाच्या स्वतःच्या कातडीचा टपाल तिकिटाएवढा तुकडा घेतला तर काही आठवड्यांत त्यातून अंगभर पुरेल एवढा थर मिळू शकतो. अंगाचा पंचाण्णव टक्क्यांहून जास्त भाग भाजलेल्या दोन मुलांवर अमेरिकेत असे थर लावले, आणि त्याचा अहवाल १९८४ साली प्रसिद्ध झाला. एवढ्या भाजलेल्या मुलाच्या अंगावरून दुसरीकडे लावायला कातडी काढणार तरी कुठून? ती मुलं जगली.

तुमची शंका मात्र बरोबर आहे. अगदी थोड्या उंदराच्या पेशी मागे राहू शकतात. म्हणूनच अमेरिकेचं औषध नियामक खातं अशा कातडीला दुसऱ्या प्राण्याच्या ऊतीचे नियम लावतं: उंदराच्या पेशींच्या साठ्यात विषाणू आहेत का ते तपासायचं आणि रुग्णाची नोंद ठेवायची. वर मी माझी १९९३ ची चूक लिहिली आहे. ती बाटलीतच राहिली, रुग्णापर्यंत जाण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते काम निव्वळ अभ्यासाचं होतं. रुग्णासाठी वाढवताना फीडर खरोखर थांबला आहे का, हे वेगळ्या डिशमध्ये ठेवून बघतात. तिथे एक जरी वसाहत उगवली तरी तो सगळा साठा बाद. आणि माणसाच्या भ्रूणातल्या मूळपेशी १९९८ साली प्रथम वाढवल्या तेव्हाही खाली उंदराचाच थर होता. आता त्यांच्यासाठी प्रथिनाचा लेप दिलेल्या डिश मिळतात, उंदीर लागत नाही. कातडीसाठीही असा मार्ग शोधणं चालू आहे, आणि तो मिळावा असं मलाही मनापासून वाटतं.

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. माणूस आणि उंदीर यांच्या पेशी जोडून एक पेशी करता येते असं एका विद्यार्थ्याने वाचलं. हे खरं आहे का? आणि माणसाची ४६ व उंदराची ४० गुणसूत्रं, तर नुसतं मोजून ओळखता येणार नाही का?
एक शिक्षक, हडपसर

उत्तर : सर, खरं आहे. १९६५ मध्ये हेन्री हॅरिस आणि जॉन वॉटकिन्स यांनी निष्प्रभ केलेला सेंदाई विषाणू वापरून हीला पेशी आणि उंदराच्या पेशी एकमेकींत मिसळवल्या. एका पेशीत दोन केंद्रकं. हेक्स्टने रंगवलं तर एकाच पेशीत एक केंद्रक सपाट निळं आणि शेजारचं तिळाचं दिसतं. पुढे दोन्ही केंद्रकं एक होतात, आणि मग विभाजन होत जाईल तशी माणसाची गुणसूत्रं एकेक करून गळतात, उंदराची टिकतात. मेरी वाइस आणि हॉवर्ड ग्रीन यांनी १९६७ मध्ये हे गळणंच कामाला लावलं. थायमिडीन कायनेज हे विकर नसलेली उंदराची पेशी घेतली आणि ते विकर असल्याशिवाय जगता येणार नाही अशा मीडियममध्ये संकर वाढवला. जगलेल्या पेशींत माणसाचं जे गुणसूत्र उरलं, त्यावर ते जनुक. पुढे ते सतरावं ठरलं. माणसाच्या जनुकांचे पत्ते शोधायला पुढे अनेक वर्षं हीच युक्ती वापरली गेली.

मोजण्याबद्दल थोडं सावध राहा. ताज्या, निरोगी पेशीत ४० आणि ४६ बरोबर येतात. बाटलीत वर्षानुवर्षं वाढलेल्या पेशींत येत नाहीत. हीलामध्ये सत्तर-ऐंशीच्या घरात सापडतात, थ्री-टी-थ्रीमध्ये साठ-सत्तरच्या. आकडे एकमेकांत मिसळतात. त्यापेक्षा आकार बघायला सांगा. उंदराची गुणसूत्रं एका टोकाला जोडलेली, चिमट्यासारखी, तर माणसाची बरीचशी मध्ये किंवा मध्याजवळ जोडलेली, इंग्रजी एक्ससारखी. त्यातही उंदराच्या जुन्या सेल लाइनमध्ये दोन चिमटे टोकाला जुळून एक्ससारखी काही गुणसूत्रं तयार झालेली असतात. तेव्हा वर्गात थ्री-टी-थ्रीचा फोटो दाखवलात आणि एखाद्या मुलाने प्रामाणिकपणे मोजून ६६ सांगितलं, तर त्याचे मार्क कापू नका. शेजारच्या पेशीतली मोजायला सांगा. तिथे आणखी वेगळा आकडा आला तर दोन्ही फळ्यावर लिहा.